दूधसागराला पाजलेलं दूध

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोप्पीकर रोडवरच्या दुकानात चादरी निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "अण्णा गेले ग, ये." मी चादर हातात धरून तशीच उभी. दुकानदाराने "कूड्री अक्का" म्हणत स्टूल पुढे केलं... महिना उलटला, तरी नवनगरच्या घरी जाताना वाटतं, हा व्हरांड्यात असेल आणि उशीर झाला म्हणून मला टोमणा मारेल.

माझा हा थोरला भाऊ धारवाडला शाळेत भूगोल शिकवायचा. नव्वदच्या दशकात दर वर्षी पावसाळा सरला की मुलांना रेल्वेने दूधसागरला न्यायचा. मीही दोनतीनदा गेले. कॅसलरॉक मागे पडलं की बोगद्यामागून बोगदे, आणि एकदम डोंगरमाथ्यावरून टप्प्याटप्प्याने कोसळणारं ते पांढरंशुभ्र पाणी! पुलावर गाडीतच तुषार अंगावर. अण्णा मुलांना राजकन्येची गोष्ट सांगायचा. ती तळ्यात न्हाऊन सोन्याच्या घड्यातलं दूध प्यायची. एकदा झाडाआडून राजपुत्र बघताना दिसला, तशी दासींनी दूध ओतून आडपडदा केला. इथवर सगळ्यांना ठाऊक. पुढची शेपटी अण्णाची. "पडदा विरळ होऊ नये म्हणून आलेल्याने तिला घोटभर दूध द्यावं!" असल्या शेपट्या लावायची हौस दांडगी. मुलांनी पुढच्या वर्षी बाटल्यांतून दूध आणून ओतलं. अण्णा खूश.

काही वर्षांनी पाहतो तर काय, लोक सहकुटुंब येऊन दूध ओततायत आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथंच टाकतायत. खडकांत पिशव्या, डोहात पिशव्या. एक माकडीण पिल्लाच्या तोंडातून पिशवी ओढून काढत होती. अण्णा एका गृहस्थांना अडवायला गेला, तर ते म्हणाले, "मास्तर, वाडवडिलांपासूनचा रिवाज आहे हा."

"अहो, मीच काढला तो!"

कोण विश्वास ठेवणार? मला हसू फुटलं. अण्णा मात्र परतीच्या गाडीत लोंढ्याजवळ म्हणाला, "सुमे, मी घाण करून ठेवली ग."

त्यानंतर तो पोतं घेऊनच जायचा. पिशव्या वेचायचा, भेटेल त्याला मराठीत, कानडीत सांगायचा, "ही माझी थाप होती. दूध तुम्ही प्या." निवृत्त झाला, गुडघे गेले, तरी जाणं चुकलं नाही. मी म्हणायचे, पुरे की आता. आज वाटतं, पोत्याचं एक टोक तरी धरायला जायला हवं होतं...

गेल्या रविवारी त्याचे सहा विद्यार्थी घरी आले. आता चांगले बायकापोरांचे धनी, पण डोळे भरलेले. प्रत्येकाच्या हातात दुधाची पिशवी. "अक्का, सरांच्या नावानं दूधसागरला ओतून येतो." माझ्याही मनात आलं, ओतू दे... एकदाच, त्याच्यासाठी. पण मी पिशव्या काढून घेतल्या. "तुमच्या सरांनी हेच बंद करायला जन्म घालवला रे," म्हटलं, आणि सगळं दूध तापवून, साखर घालून प्रत्येकाला पेला दिला. प्यायले बिचारे, मान खाली घालून.

ते गेल्यावर अण्णाच्या खोलीत गेले. खिडकीपासून कपाटापर्यंत त्याने बांधलेली दोरी अजून आहे. वेचून आणलेल्या पिशव्या धुऊन तो तिच्यावर वाळत घालायचा. वहिनी ती कोणाला सोडू देत नाही. त्या सहा पिशव्या धुऊन मी तिथं चिमट्यांनी अडकवल्या आणि भडभडून रडले.

"अण्णा, एवढ्या सहा तरी पाण्यात गेल्या नाहीत रे," म्हटलं.