बाइंडिंगला गेलेलं पुस्तक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींनाही नाही. आता तुम्हाला का सांगतो आहे – खरंच ठाऊक नाही. ऐका फक्त.

आदिलाबादच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तिथं भौतिकशास्त्राचे एम.एस्सी.चे वर्ग सुरू झाले आणि कपाटात पुस्तकं होती ती इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांची. वाठोरे सर तो विषय शिकवत. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबलेले. स्वतः मित्रांची पुस्तकं मागून शिकलेले. संग्रह उभा करायचं त्यांनी अंगावर घेतलं. प्रत्येक विषयाची तीन पुस्तकं हवीत, म्हणायचे – एक सुरुवातीचं, एक परीक्षेचं आणि एक शिकवणाऱ्याला घाम फोडणारं. हैदराबादच्या दुकानांत उभ्याउभ्या पानं चाळून त्यांनी एकेक निवडलं. "येताना बसमधी, निर्मल गावच्या घाटात खोकं मांडीवर घेतलं होतं भाऊ," मला सांगत होते, "शेजारचा म्हणे, काचेचं सामान हाय का?"

काचेचं एक कपाट भरायला दोन वर्षं लागली. पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक मी स्वतः लिहिले.

पुस्तक हरवलं की जाब ग्रंथपालाला विचारतात. पण माझ्याकडून कधी हरवलंच नव्हतं. मग कपाटाला कुलूप का लावलं? भीतीनं म्हणू? नाही – अभिमानानं. वर्षाच्या तपासणीत मोजणी पुरी भरली की मला जे वाटायचं, ते दुसऱ्या कशानं वाटलं नाही. सर मागतील ते लगेच काढून देत होतो. त्यामुळे त्यांना कधी शंका आली नाही. पोरं आली की म्हणायचो – बाइंडिंगला गेलंय. नवं कोरं पुस्तक बाइंडिंगला कशाला जाईल? कुणी विचारलं नाही. मी हिशोबात चोख, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता सुनंदाचं सांगायला हवं.

ती नार्नूरकडची, माझ्या गावाशेजारची. बापानं बसस्टँडवर तिला माझ्या हवाली केलं होतं – "तुमी आहा तिथं, मले काळजी नाही." मला काका म्हणायची. प्रकाशशास्त्राचं सुरुवातीचं पुस्तक मागायला आली. मी म्हटलं, बाइंडिंगला गेलंय. ती पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही – आणि पुस्तक तिच्या पाठीमागे, काचेआड.

वर्गात तिला उत्तर आलं नाही. पोरं पुस्तकांना हात लावत नाहीत, हे सरांच्या मनात केव्हापासून खुपत होतं. ते तिला घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले.

"सार, मी तीन खेपा आली," ती म्हणाली. "काकाच म्हणले, बाइंडिंगला गेलं म्हून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन हो भाऊ, आली होती का ही?"

तेव्हा मी खरं बोलू शकलो असतो. काय झालं असतं? सर रागावले असते, कुलूप निघालं असतं, एखादं पुस्तक हरवलं असतं. एवढंच ना?

मी म्हणालो, "नाही सर."

सर तिला म्हणाले, "नाही वाचलं तर नाही म्हणावं. घरच्या मानसाचं नाव काऊन घेऊन राह्यली?"

ती रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली – रागानं नाही. आपलं माणूस ओळखू येईना म्हणून पाहावं, तशी. मग खाली बघून म्हणाली, "चुकलं सार."

ग्रंथालयात ती परत आली नाही. मला काका म्हटलं नाही. वर्ष संपायच्या आत गावी गेली ती गेलीच. बाप पुढं बाजारात भेटला, तर माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "पोरीनं तुमाले मान खाली घालाले लावली." मी ते ऐकून घेतलं.

सरांनी त्यानंतर पुस्तकं निवडली नाहीत. बदलीवर जाताना म्हणाले, "ज्याईच्यासाठी आणली त्याईनंच पाठ फिरवली, भाऊ." तेही मी ऐकून घेतलं.

पुढच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाट उघडायला लावलं. मोजणी पुरी भरली. शाबासकी देत त्यांनी प्रकाशशास्त्राचं ते पुस्तक सहज उघडलं.

पुस्तकाची पाठ कडकडली. पहिल्यांदाच उघडल्यासारखी.

मी ते पुस्तक परत घेतलं, जागेवर ठेवलं आणि कुलूप लावलं.