आवाज आधी, चित्र मागाहून

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होतो. त्याच्या बायकोचा, नलिनीवहिनींचा फोन. "भावजी, ते गेले," एवढंच बोलल्या. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच… महिना होत आला. मला आता फारसं दिसत नाही, म्हणून मी सांगतोय आणि माझी बायको लिहितेय. मध्येच तिचं पेन थांबतं, तेव्हा मीही थांबतो.

हरेश्वर मूळचा वसईजवळच्या चांदीप गावचा. गोखिवऱ्यात त्याचं माइक आणि स्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. आमच्या नालासोपाऱ्याच्या सोसायटीत सत्यनारायणाला त्यानं स्पीकर लावले, तेव्हा मी खुर्चीतूनच कुरकुरलो, की मागच्या स्पीकरमुळे भटजींचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतंय. तेव्हा माझे डोळे नुकतेच अधू झाले होते, ड्राफ्ट्समनची नोकरी सुटली होती, आणि लोक माझ्याशी उगाच ओरडून बोलायचे, जणू माझे कानच गेलेत. हा माणूस मात्र शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "कुठं दोनदा येते, दाखव." आणि मी सांगेन तसा स्पीकर सरकवत राहिला. मैत्री तिथंच झाली.

घरी मुलीबरोबर, मुग्धाबरोबर, टीव्हीवर क्रिकेटचा गेम खेळणं हा माझा एकुलता एक मर्दानी खेळ उरला होता. चेंडूचा टप्पा ऐकायचा आणि बटण दाबायचं. जुन्या डबा टीव्हीवर मी तिला चांगलाच चोपायचो. मग मेव्हण्याच्या आग्रहानं नवा सपाट टीव्ही आला, पाच स्पीकरचा अँप्लिफायर आला, आणि मी प्रत्येक चेंडूवर बाद व्हायला लागलो. एक दिवस अचानक माझ्या धावा व्हायला लागल्या. मी खुशीत होतो. तेवढ्यात मुग्धा आईच्या कानात कुजबुजली, "मुद्दाम वाइड टाकतेय गं, बाबांना वाईट वाटतं." माझे कान तिखट आहेत, हे पोरगी विसरली. नोकरी गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

मी हरेश्वरला बोलावलं. खेळाचा आवाज आधी टीव्हीत जातो, तिथं चित्रासाठी रेंगाळतो आणि मग अँप्लिफायरमध्ये येतो, हे त्यानं चेंडूच्या टप्प्याबरोबर टाळ्या वाजवून, वायरी उपसून शोधून काढलं. मग ज्या डब्यावर गेम चालतो त्यातून थेट अँप्लिफायरला वायर जोडली. आता आवाज चित्राच्या पुढे पळायला लागला. बायको म्हणाली, ओठ जुळत नाहीत. मुग्धा म्हणाली, चेंडू दिसत नाही तोच टप्पा ऐकू येतो. हरेश्वरनं अँप्लिफायरच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज थोडा थोडा मागे ओढला. मायलेकी खूश झाल्या, चहा झाला. मी खेळायला बसलो आणि पहिल्याच चेंडूवर दांडी गुल.

हरेश्वरनं कप खाली ठेवला. "सगल्यांना विचारला मी," तो म्हणाला, "आनि खेलनाऱ्यालाच विचारला नाय. मीपन डोल्यांच्या पार्टीत गेलो, भावा." इतक्या ओशाळ्या आवाजात त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानं ते सेटिंग पार शून्यावर आणलं. "चित्र येल मागनं. कोनाला घाई हाय?"

त्या संध्याकाळी मी मुग्धाला धू धू धुतलं. तिला चेंडू दिसेपर्यंत तो माझ्या बॅटला लागून गेलेला असायचा. "बाबा, ही चीटिंग आहे!" असं किंचाळून ती खरीखुरी रडली, आणि खोटं का बोलू, मला तिचं ते रडणं फार गोड लागलं. पुढे ती हट्टानं डोळे मिटून खेळायला शिकली. सिनेमा लागला की बायको अजूनही कुरकुरते, पण शून्याला हात लावत नाही.

हरेश्वर गेल्यापासून आम्ही खेळलो नव्हतो. परवा मुग्धानंच माझ्या हातात गेमचा रिमोट दिला. मला सूर लागेना. टप्पा ऐकू यायचा, पण अंगठा हलायचा नाही. तिनं मला अकरा धावांत गुंडाळलं.

"आज तरी सोडायचंस मला," मी म्हणालो.

तिनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"हरेश्वरकाकांना चाललं नसतं," ती म्हणाली.