बोलिंगची फळी

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या त्या गावात ऑक्टोबर लागला, की लोकांना एकदम आपली बर्फ उडवायची यंत्रं आठवतात. उन्हाळाभर कोपऱ्यात गंजत पडलेली ती धुडं मग लेहतिनेनांच्या दारात रांगेने येऊन उभी राहतात. त्याही वर्षी आली. फरक एवढाच, की दुरुस्त करणारा आर्वो लेहतिनेन जानेवारीपासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. पक्षाघाताने उजवा हात गेला होता आणि बोलणं निम्म्यावर आलं होतं. आर्वो जातीचा फिनिश, म्हणजे मुळातच अबोल. त्याचं बोलणं कमी झालंय हे शेजाऱ्यांना एप्रिलपर्यंत कळलंसुद्धा नाही.

त्याची बायको मार्लिस चौसष्ट वर्षांची, नवऱ्यापेक्षा वीतभर बुटकी. शाळेच्या स्वयंपाकघरातून दुपारी सुटायची, उभ्या उभ्या मांस-बटाटा भरलेली गार पेस्टी खायची आणि गॅरेजमध्ये शिरायची. तीस वर्षं नवऱ्याच्या हातात पाने देता देता काम तिच्या अंगात मुरलं होतं. पण आर्वोच्या कामाच्या टेबलाची प्लायवुडची फळी तेल पिऊन फुगली होती. त्यावर बसवलेला शिकंजा आवळला, की तो स्क्रूंसकट उपटून हातात यायचा.

नवी फळी कसली घ्यायची, हे ती आर्वोला रोज विचारायची. फळी हे निमित्त होतं. त्या ओढीने तरी तो गॅरेजमध्ये येईल, अशी आशा होती. सप्टेंबरात तिने विचारणं सोडलं. माणसाने भिंतीशी बोलावं तरी किती?

लाकडाच्या वखारीतला वर्नर म्हणाला, "वर पत्रा ठोक. नातवंडांना पुरेल."

"जानेवारीत पत्र्यावर हात ठेवलायस कधी? आणि घरंगळलेले बारके स्क्रू शोधायला तू येणार का?"

"मग बोलिंगची फळी ने बाई. अस्सल मेपल! चाळीस वर्षं गोळे आदळले, ढिम्म हलली नाही."

गोळा घरंगळवून खुंट्या पाडायच्या खेळाचा, म्हणजे बोलिंगचा, गावातला हॉल बंद पडला होता आणि गोळे जायच्या तिथल्या लाकडी लेनचे तुकडे लोकांनी उचलले होते. कुणी जेवणाचं टेबल केलं, कुणी नुसतेच आठवण म्हणून नेले. उरलेला एक तुकडा मार्लिसने घेतला. चार माणसांनी कण्हत तो दारात उतरवला. आर्वो खिडकीतून बघत होता.

फळी दोन फूट जास्त निघाली. शनिवारी सकाळी मार्लिसने विजेची करवत लावली. चार बोटं लांबीचं लाकूड कापलं असेल नसेल, करवत किंचाळली, ठिणग्या उडाल्या आणि पात्याचे दात गेले. तिने दुसरं पातं चढवलं. तेही गेलं.

"बंद कर!"

दारात आर्वो उभा होता. हातात काठी, पायात नुसते मोजे.

"खिळे... आत खिळे आहेत. पट्ट्या एकमेकींना ठोकलेल्या असतात."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग फळी उतरवताना मूग गिळून का बसलास?"

आर्वो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "वाटलं, माझ्यासाठी आणलीस. मी आता... यायचा नाही. कसं सांगू?"

मार्लिस जवळच्या यंत्रावरच टेकली. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात.

"तुझ्यासाठी नाही रे," ती म्हणाली. "ती आशा मी कधीच सोडली. माझ्यासाठी आणली. दारात अकरा यंत्रं उभी आहेत, माझे खांदे भरून येतात आणि मी दमलेय, आर्वो. फार दमलेय."

हे बोलल्याची तिला लाज वाटली, आणि हलकंही वाटलं.

आर्वो पुढे आला. काठी यंत्राला टेकवून डावा हात फळीवरून फिरवत म्हणाला, "चुंबक आण. खिळे कुठे आहेत ते कळेल. खिळ्यांच्या मधनं काप."

तिने चुंबक आणला. तो जिथे चिकटेल तिथे आर्वोने डाव्या हाताने खडूच्या वेड्यावाकड्या खुणा केल्या. मग त्याने टेबलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"टेबलाचे पायही काप," तो म्हणाला. "चार इंच तरी. ते माझ्या उंचीचं आहे."