पाहुण्यांआधीचे पाहुणे

दौलतगंजमधल्या आमच्या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले, तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या मुलीनं पुण्याहून फोन करून सुचवलं की आता भाडेकरू ठेवूच नका, ग्वाल्हेर बघायला येणाऱ्या लोकांना दोन-चार दिवसांसाठी घर देत जा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर गच्ची, तिथून किल्ला समोर दिसतो. आमचे हे आणि मोठे दीर, दोघांनाही ते पटलं. घर लावायचं काम आम्हा दोघी जावांकडे आलं. बायका झाडूनपुसून घेतील, चादरी घालतील, झालं, असं त्यांना वाटलं असावं.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या राहत्या घरात सगळं ठरलेलं होतं. परद्यांचा रंग, कपाटांच्या जागा, चहाची गाळणीसुद्धा. वहिनी, म्हणजे मोठ्या जाऊबाई, माझ्याआधी आल्या, त्यांच्याही वेळी ठरलेलंच होतं. सासूबाई प्रेमळ होत्या, पण वस्तू त्यांच्या पसंतीच्या यायच्या, आणि त्या गेल्यावर आम्ही सवयीनं तशाच आणत राहिलो. इतकी वर्षं एका ओट्यापाशी उभं राहून आमचं बोलणं झालं ते बहुतेक दूध, मीठ आणि कोण कधी जेवायला येणार याबद्दल. वहिनींना कोणता रंग आवडतो हे मला ठाऊकच नव्हतं.

ते बाड्याच्या चौकाजवळच्या कापडाच्या दुकानात कळलं. दुकानदार एकामागून एक बदामी आणि राखाडी कापड उलगडत होता. वहिनींनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे हळदीसारखं पिवळंजर्द ठाण होतं.

"आंटीजी, ये तो टेंटवाले ले जाते हैं," तो म्हणाला.

वहिनींनी शांतपणे सांगितलं की तेच काढा. मग मलाही जोर आला. मी दुसऱ्या खोलीसाठी पोपटी निवडलं. पिशव्या घेऊन बाहेर आलो आणि दुकानाच्या पायरीवरच दोघींना इतकं हसू आलं की जवळून जाणारा टेंपोवाला आम्हाला काही होतंय की काय म्हणून थांबला.

त्यानंतर आम्हाला आवरणं कठीण झालं. रोज दुपारची भांडी घासून झाली की आम्ही निघायचो. पाण्याची किटली आली, मोराच्या नक्षीचा आरसा आला, गच्चीसाठी वेताचा झोपाळा आला. वहिनींची मुलगी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सगळं बघायची आणि कपाळाला हात लावायची. "आई, प्लीज, अब ये गुलाबी चादर मत डालना. गेस्टना पांढरीच लागते," असं तिनं बजावलं. तेवढं एक आम्ही ऐकलं.

गादी इंदरगंजमधून घेतली. दुकानदार ती दुसऱ्या दिवशी पोचवणार होता, पण आम्हाला दम कुठला. ई-रिक्षाच्या टपावर ती बांधून घेतली आणि दोन्ही बाजूंनी हात बाहेर काढून आम्ही ती धरून बसलो. चौकात दिरांचे एक जुने सहकारी भेटले. घर बदलताय का, असं त्यांनी विचारलं. वहिनींनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "नहीं, होटल खोल रहे हैं।" आम्ही घरी पोचायच्या आत ही बातमी दिरांपर्यंत पोचली होती.

पहिले पाहुणे सोलापूरहून येणार होते, संध्याकाळी. त्या सकाळी वहिनी म्हणाल्या की लोकांना देण्याआधी आपण स्वतः राहून बघायला हवं. गीझर तापतो का, उशी मानेला लागते का, हे कसं कळणार? घरी सांगितलं, साफसफाईला जातोय. आपण खरंच पाहुणे आहोत असं वाटावं म्हणून एक रिकामी सूटकेससुद्धा बरोबर घेतली.

वहिनींनी गरम पाण्यानं इतका वेळ अंघोळ केली की मी दार वाजवलं. मग गच्चीत झोपाळ्यावर बसून चहा घेतला, आणि नंतर खाली येऊन नव्या गादीवर पंखा लावून पडलो. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी आजवर कधी हॉटेलात राहिले नाही गं. जिथे गेले तिथे स्वयंपाक करायलाच गेले." मीही नव्हते राहिले. बोलता बोलता आम्हाला झोप लागली.

बेल वाजली तेव्हा भर दुपार होती. केस मोकळे, तशीच जाऊन मी दार उघडलं. बाहेर एक बाई, तिचा नवरा आणि तिची म्हातारी आई, सामानासकट. पाहुणे लवकर आले होते. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मागे डोक्याला पंचा गुंडाळून उभ्या असलेल्या वहिनींकडे बघितलं, सूटकेस बघितली आणि विचारलं, तुम्ही अजून निघाला नाहीत का.

मी खरं सांगणार तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. निघतोच आहोत, म्हणाल्या. इंदूरहून आलो होतो, घर फार सुंदर आहे, परदे तर बघाच. मला जमिनीकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हाताऱ्या आजींनी मालकीण कशी आहे ते विचारलं.

"जरा कडक आहे," वहिनी म्हणाल्या, "पण मनानं चांगली."

एवढ्यात आजींच्या जावयांनी आपण लवकर आल्याचं मालकिणीला कळवावं म्हणून फोन लावला. पलंगावरची माझी पर्स वाजायला लागली. त्यांनी बंद केला, पर्स गप्प झाली. त्यांनी पुन्हा लावला, ती पुन्हा वाजली. सगळे पर्सकडे बघत होते.

"बोला," मी म्हटलं, "मीच मालकीण."

वहिनी खाली जमिनीवर बसल्या आणि पंचा तोंडावर धरून हसू लागल्या. मी कसंबसं सगळं सांगितलं. पाहुणी बाई आधी बावरली, मग तिलाही हसू फुटलं. आजींनी फक्त एवढंच विचारलं की तुम्हा दोघींतली कडक कोणती. मग चादर बदलायला पाहुणीनंच दुसरं टोक धरलं, मी सगळ्यांसाठी आल्याचा चहा टाकला, आणि आम्ही निघालो तेव्हा आजी झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

घरी आल्यावर मोठ्या दिरांनी विचारलं, साफसफाई झाली का. वहिनींनी हो म्हटलं आणि तिथेच मुलीला फोन लावला. ओरछाला कुणाचं असं घर मिळेल का बघ, म्हणाल्या, दोघींसाठी. थंडी सरताना आम्ही गेलो. नदीकाठचं कुणाचंसं घर होतं, स्वयंपाकघर चांगलं होतं म्हणे. आम्ही काही त्यात पाऊल टाकलं नाही.