दाजींनी पकडलेले खुनी

खुनाचा पिच्चर सुरू होण्याआधी दाजी परब गाऱ्हाणं घालायचे. कोकणातल्या देवळात घालतात तसं, टीव्हीसमोर हात जोडून. "बा देवा म्हाराजा, आज जो कोण मरतलो तेका सद्गती दी रे म्हाराजा, आणि मारणारो आज तरी माकाच गावांदे रे म्हाराजा!" आम्ही तिघांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हटल्याशिवाय ते रिमोट सोडत नसत.

हे सगळं लालबागला, आमच्या घरी, रविवारी दुपारी. एका जुन्या काळ्या-पांढऱ्या हिंदी मालिकेतले चित्रपट आम्ही ओळीने बघत होतो. प्रत्येकात तोच टोपीवाला गुप्तहेर आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करून तेच लांबलचक भाषण. बघायला मी, माझा बँकेतला जुना सोबती शिरोडकर, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका नलिनीबाई आणि शेजारचे दाजी. दाजी आमच्यात सगळ्यांत मोठे. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे.

मध्यंतरात चहा व्हायचा आणि प्रत्येकाने खुनी सांगायचा. दाजींचा अंदाज कधी म्हणजे कधी बरोबर आला नाही. एकदा त्यांनी ज्याचं नाव घेतलं तो पुढच्याच प्रसंगात मेला. "बघ, पश्चात्तापान जीव दिल्यान," दाजी शांतपणे म्हणाले. अहो, पाठीत सुरा होता त्याच्या! दुसऱ्या खेपेला त्यांनी थेट गुप्तहेरावरच बोट ठेवलं. "ह्यो जाता थय मुडदो पडता. आणखी काय पुरावो व्हयो?"

आम्ही पोट धरधरून हसायचो. तेही हसायचे, पण मग चेहरा उतरायचा. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "माका एकदा तरी बरोबर येवक व्हया रे. नायतर तुमच्यात बसान माझो उपयोग काय?" मला फार वाईट वाटलं. मी ते बाकीच्या दोघांना सांगितलं.

मालिकेतला शेवटचा चित्रपट उरला होता. नलिनीबाईंनी कट रचला: तो आपण तिघांनी शनिवारी गुपचूप बघायचा आणि रविवारी दाजींना अलगद खुन्यापर्यंत न्यायचं. खुनी निघाला मुनीमजी. रविवारी शिरोडकर सारखा मुनीमजीच्या थरथरत्या हातांबद्दल बोलत होता. नलिनीबाईंना त्याची नजर चांगली वाटत नव्हती. मी तर नीट ऐकू आलं नाही म्हणून त्याचा प्रसंग दोनदा लावला. माणसाने आणखी किती करायचं?

चहा आला. दाजी उठले, हात पाठीमागे बांधून खोलीत फेऱ्या मारू लागले.

"खुनी हयच आसत," ते म्हणाले. "तिघाय."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"शिरोडकरा, गोळी सुटली की तुझी चाय दर वक्ताक सांडता. आज गोळयेच्या आधीच तू कप खाली ठेवलंस. बाय, कपाटातसून मुडदो पडायच्या आधीच तू डोळ्यांर पदर घेतलंस. आणि ह्यो यजमान दर रविवारी भलत्याच माणसाक खुनी धरून भांडता, तो आज गप. तुमी पिच्चर आधीच बघलास!"

नलिनीबाईंनी गुन्हा कबूल केला. शिरोडकरने मात्र विचारलं, एवढं सगळं तुमच्या लक्षात आलं कसं?

"तुमी पिच्चर बघतास, मी तुमका बघतंय," दाजी म्हणाले. "घराक गेल्यार माका बघूक कोण आसा?"

नलिनीबाईंचे डोळे भरून आले. दाजी मात्र असे खुशीत होते की पुढचा आठवडाभर लालबागमध्ये भेटेल त्याला धरून त्यांनी ही केस ऐकवली.

गेल्या वर्षी दाजी गेले. आम्ही आता दुसरी मालिका लावली आहे. खुर्च्या मात्र टीव्हीकडे तोंड करून ठेवत नाही, एकमेकांचे चेहरे दिसतील अशा गोल मांडतो. मान अवघडते. आणि खुनी कोण, हे हल्ली आमच्यापैकी कुणालाच ओळखता येत नाही.