लेकीच्या नावाची गिटार

वैद्यकाका गेल्याचं मला मंडळाच्या ग्रुपवरून कळलं. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, हात कणकेत होते, आणि फोनवर एकामागून एक जोडलेल्या हातांची चित्रं यायला लागली. आधी वाटलं, कुणाची तरी आजी वारली असेल. मग नाव वाचलं. त्यानंतर मी पहिल्यांदा काय केलं, तर आदल्या संध्याकाळी काकांना पाठवलेलं रेकॉर्डिंग उघडून बघितलं... त्यांनी ते ऐकलं होतं का. नव्हतं ऐकलं. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी असलं काहीतरी शोधणारी मी, याची लाज दीड महिना झाला तरी जात नाही. पण लाजेचं खरं कारण याहून मोठं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय काकांविषयी एक चांगला शब्दही मला लिहिता येणार नाही.

मी साताऱ्याकडच्या खेड्यातली. नववीत शाळा सुटली, फौजीशी लग्न झालं, आणि यांच्या बदल्यांमागून फिरत फिरत दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये येऊन पडले. नोएडातल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही जायचो. तिथे सगळे पुण्या-मुंबईचे, कंपन्यांमधले. बायका बोलायला चांगल्या, पण मला आपली स्वयंपाकाची बाजूच बरी वाटायची. एका वर्षी बाहेर मुलांच्या गाण्याला कुणीतरी गिटार वाजवायला लागलं, आणि मी उकडीचं पातेलं तसंच टाकून दारात जाऊन उभी राहिले. सत्तरीचे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळे मिटलेले. ते वैद्यकाका. निवृत्त इंजिनिअर, रविवारी घरी मराठी मुलांना गिटार शिकवायचे. गाणं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय गं, शिकायचंय?" चौतीस वर्षांची, नववी शिकलेली बाई... कुठल्या तोंडानं हो म्हणणार? चार बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, "मला नाही हो काका, आर्याला." आर्या म्हणजे माझी लेक, नऊ वर्षांची. शेजारीच पेढा खात उभी होती. तिचा घास तोंडातच राहिला.

काकांनी ते खरं धरलं. काकूंच्या पर्समधून शिवणाचा दोरा घेऊन तिथल्या तिथे आर्याचा हात मोजला, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, गाठ मारली आणि दोरा काडीला गुंडाळून खिशात ठेवला. पुढच्या शनिवारी मला घेऊन जुन्या दिल्लीत वाद्यांच्या दुकानांत गेले. पहिल्याच दुकानदारानं चकचकीत गुलाबी गिटार पुढे केली. "अंकलजी, बच्चियाँ यही पसंद करती हैं. बैग, पट्टा, सब साथ में." काका म्हणाले, "भैया, बच्ची को बजाना है, दीवार पे टाँगना नहीं है." मग एकेक गिटार मांडीवर घ्यायची, दोरा लावून बघायचा, एक डोळा मिटून दांडीवर तारा किती उंच आहेत ते बघायचं. "तार उंच असली ना सविता, की पोरं आठ दिवसांत सोडतात. त्यांना वाटतं, आपल्यालाच जमत नाही. चूक गिटारची असते." असं करत चौथ्या दुकानात नायलॉनच्या तारांची, पाऊण मापाची एक निवडली आणि दोरा तिच्या साध्या कापडी पिशवीत टाकला. सूर जुळवायला चिमट्यासारखा ट्यूनर घेतला, तारा छेडायला एक पातळ पिक घेतलं, बाकी सगळ्याला "वर्षभर नको" म्हणाले. आणि बाहेर फुटपाथवर एक नेलकटर घेऊन माझ्या हातात ठेवला. "हे पहिलं सामान. डाव्या हाताची नखं वाढली की बाकीचं सगळं वाया." चारही दुकानांत ते खिशातून दोरा काढायचे आणि मी ठरवायचे, आता सांगते. मोठ्या मापाच्या गिटारी समोरच लटकत होत्या. एक शब्द बोलायचा होता... नाही बोलले.

घरी आर्या म्हणाली, "मम्मी यार, मला नाही शिकायचं. तू बोललीस ना, मग तूच शीक." पोर बरोबर बोलली. तिकडे काकांनी एका लाकडी खुर्चीचे पाय करवतीनं कापून बुटके केले होते, तिचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून. मी फोन केला, तिला ताप आहे. पुढच्या रविवारी टेस्ट. मग म्हटलं, लाजते हो, घरी वाजवून रेकॉर्डिंग पाठवेल. आणि वाजवत होते मी. आर्या शाळेत गेली की दार लावून, काका फोनवर सांगतील तसं, त्या छोट्या गिटारवर वाकून. "बोटं दुखतात म्हणते, काका." "दुखणारच. दहा मिनिटं वाजव, थांब, परत वाजव म्हणावं." एकदा नुसतं ऐकून म्हणाले, "नख वाढलंय." बघितलं तर खरंच वाढलं होतं. शाळेत मला कुणी कधी शाबास म्हटल्याचं आठवत नाही. काकांच्या शाबासक्या मी सात महिने लेकीच्या नावावर घेतल्या. संक्रांतीच्या सुमारास एकदा म्हणाले, "तिला सांग, भांडी घासून लगेच वाजवू नकोस. ओल्या बोटांची सालं निघतात." मी "सांगते" म्हणून फोन ठेवला. नऊ वर्षांच्या मुलीला भांडी कोण घासायला लावतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्यानंतर दर फोनला एकच... "एकदा समोर येऊन वाजव म्हणावं. मी काही रागावत नाही." आणि मी दर वेळी, "परीक्षा झाली की आणते."

तेराव्यानंतर काकूंना भेटायला गेले, एकटीच. पहिला प्रश्न तोच. "आर्याला नाही आणलंस? अगं, तिची रेकॉर्डिंगं लावून बसायचे नुसते." त्यांच्या खोलीत खिडकीशी ती खुर्ची होती. पण बुटकी नव्हती. कापलेल्या चारही पायांखाली तेच तुकडे परत बसवलेले, लोखंडी पट्ट्या, स्क्रू, नीट घासून घेतलेले सांधे. काकू म्हणाल्या, "बघ ना, एवढ्या हौसेनं कापले आणि संक्रांतीनंतर परत जोडत बसले. मी म्हटलं, पोरगी काय एवढ्यात वाढली? तर म्हणे, विद्यार्थिनी उंच आहे, मापात चूक माझीच झाली."

चूक त्यांची म्हणे... म्हणजे रागावत नाही, हे ते मलाच सांगत होते. मी कधी बोलते याची तीन महिने वाट बघत होते, आणि मी परीक्षा पुढे करत होते. तेव्हा तरी काकूंना खरं सांगायचं. नाही सांगितलं. "आणते हं तिला," म्हणून चहा संपवून निघाले. मेट्रोत बसले आणि पुढची दोन स्टेशनं मला काही दिसेना.

काकू ही पुरवणी दर आठवड्याला वाचतात, म्हणून इथे लिहिते आहे. काकू, आर्याला गिटार कधीच नको होती. ती रेकॉर्डिंगं माझी होती. येत्या रविवारी मी येईन, तुम्ही दार उघडलंत तर. काडीला गुंडाळलेला तो दोरा अजून गिटारच्या पिशवीत आहे, त्याच्या शेजारी नेलकटर. नखं आजच कापून ठेवली आहेत. भीती फक्त त्या खुर्चीची वाटते. तिच्यावर बसले, की माझे पाय जमिनीला बरोबर टेकतील.