अमेरिकेची निवडणूक आणि आमची एक जागा

स्टुटगार्टच्या आमच्या संस्थेत त्या वर्षी, म्हणजे १९६० साली, सगळ्यांना अमेरिकेच्या निवडणुकीचं वेड लागलं होतं. गावाबाहेर अमेरिकन पलटणी बसलेल्या, बर्लिनचा प्रश्न तापलेला. तिथला अध्यक्ष कोण होणार ही जर्मनांना घरचीच गोष्ट वाटे. शुक्रवारी चारच्या कॉफीला प्रोफेसर विषय काढत: अनुभवी उपाध्यक्ष बरा, की तो तरुण, देखणा सिनेटर? मग आम्ही डॉक्टरेट करणारे दोन तट पाडून भांडायचो.

मी उपाध्यक्षाच्या बाजूचा. खरं सांगू? मला त्या माणसाचं काडीचं प्रेम नव्हतं. पण सिनेटरची बाजू 'तो' घ्यायचा, एवढं कारण मला पुरे होतं. तो म्हणजे माझ्याच खोलीत राहणारा, पुण्याहूनच आलेला, माझ्याहून सात वर्षांनी लहान. जर्मन असं फाडफाड बोलायचा की सगळे हसत 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', करत माना डोलवायचे. मी पुण्यात चार वर्षं कॉलेजात शिकवून आलेलो, आणि माझं एक वाक्य संपेपर्यंत कॉफी निवून जायची. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

केकचंही तेच. घरमालकीण दर रविवारी विचारायची, "आणखी एक तुकडा?" मी आपला रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणायचो, आपल्याकडे पहिला नकार कोण खरा धरतो! ती बशी उचलून न्यायची. हा पठ्ठ्या पहिल्याच फटक्यात "हो" म्हणून दोन तुकडे हाणायचा. दोन वर्षं मी त्या जाणाऱ्या बशीकडे बघत बसलो, पण शहाणा काही झालो नाही.

त्यातच संस्थेत सहायकाची एक जागा निघाली. मागणारे दोघेच, तो आणि मी. मला मिळाली तर बायकोला आणि मुलीला इकडे आणता येणार होतं. मी निघालो तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती फोटोतल्या बाबांना रोज नमस्कार करते, असं बायकोनं लिहिलं होतं. मग शुक्रवारचं भांडण माझ्यापुरतं अमेरिकेचं उरलंच नाही. प्रोफेसर सिनेटरचं कौतुक करायला लागले की मला वाटे, गेली जागा! उपाध्यक्षाबद्दल बरं बोलले की त्या दिवशी मला दोन घास जास्त जात.

शेवटी सिनेटर निवडून आला. संस्थेत गेलो तर हा टेबलापाशी उभा राहून अभिनंदन स्वीकारत होता, जणू शपथ ह्यालाच घ्यायची होती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात प्रोफेसरांनी मला आत बोलावलं.

"तर मग," ते म्हणाले, "सहायकाची जागा तुम्ही घ्याल का?"

माझा कानांवर विश्वास बसेना. आणि तोंडातून काय निघावं? "माझं काय एवढं! त्यालाच द्या, तो जास्त लायक आहे." अहो, माणूस एकदम हो कसं म्हणणार? ते म्हणतील, छे छे, तुम्हीच हवेत. मग मी जरा लाजत हो म्हणेन, असं मी धरून चाललो होतो.

प्रोफेसरांनी चष्मा काढला. "वाईट वाटलं," ते म्हणाले. "मला तर कॉफीच्या टेबलावरसुद्धा अनुभवी माणूसच पसंत होता. पण तुमच्या मताचा मी मान राखतो." आणि समोरच्या कागदावर त्याचं नाव लिहिलं. तेव्हाच "थांबा" म्हणायला हवं होतं. पण एकदा भलेपणाचा आव आणल्यावर तो मागे कसा घ्यायचा? मी आभार मानून बाहेर आलो.

संध्याकाळी तो खोलीवर धावत आला आणि वाकून माझ्या पाया पडला. "प्रोफेसरांनी सगळं सांगितलं मला. अहो, सख्खा भाऊसुद्धा असं करत नाही!" त्याचे डोळे भरले होते. माझ्या मनात आलं, एक लाथ घालावी. मी म्हटलं, "सुखी राहा."

टेबलावर बायकोचं पत्र येऊन पडलं होतं. मुलीला थंडीचा कोट शिवायला टाकू का, म्हणून विचारलं होतं. मी लगेच उत्तर लिहायला बसलो: इतक्यात नको.